चोवीस-सत्तावीस

पुण्याहून आलेल्या साहेबांनी फळ्यावर पाच शब्द लिहिले.
सेइरी, सेइतॉन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके.
आम्ही मोठ्यानं म्हटले, पाढे म्हणावेत तसे,
चौथ्याला सगळ्या शेडची जीभ अडखळली.
मागून मुंजाजी म्हणाला,
"सायेब, चार स अन् येक श.
त्यो कामून रांगेत न्हाई?"

कौसाबाईला झाडू टेकवून ऐकायला बसवलं होतं.
जिथली वस्तू तिथं, असं साहेब तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा ती उठली.
"बारा दिसाला नळ येतो आमच्याकडं.
माझ्या घरात कोणता हंडा कुठं, आंधळ्यालाबी घावंल.
मी लादी पुसून घेते तवर."

पहिल्या आठवड्यात लाल चिठ्ठ्या.
वर्षभरात ज्याला हात लागला नाही त्याला चिठ्ठी,
मग बाहेर, चुन्यानं आखलेल्या चौकोनात, तीस दिवस.
कुणी मागितलं तर परत. नाहीतर भंगार.
स्टोअर माझं, रजिस्टर माझं,
चिठ्ठ्यांवरचं अक्षरही माझंच.
निघालं ते असं:
नव्या पुठ्ठ्यात गंजून गेलेली बेअरिंगं,
मोईनोद्दीन उस्तादांनी घासून घासून
नखाएवढे उरवलेले टूलबिट,
वर्गणीचं पावतीपुस्तक, एकच पान फाडलेलं,
स्टीलच्या डब्यात शेंगदाण्याच्या चटणीची माती,
एक चप्पल. डावी.
जालन्याच्या उन्हात महिनाभर
चौकोनाकडं कुणी फिरकलं नाही,
उस्तादांचा नातू एकदा गेटवर येऊन गेला,
पण तो कामासाठी.

अवजारांचा फळा मुंजाजीनंच केला.
राखाडी प्लायवर एकेक अवजार ठेवायचं,
भोवती पेन्सिल फिरवायची,
मग आत पिवळा ऑइलपेंट.
हातोड्या, कानशी, कॅलिपर,
ॲलन की थोरलीपासून धाकटीपर्यंत, फोटोला उभ्या केल्यासारख्या.
चोवीस-सत्तावीसचा पाना जड, घसरत होता,
तो त्यानं डाव्या अंगठ्यानं दाबून धरला,
आणि पेन्सिल अंगठ्याभोवतीही फिरून आली.
तेव्हा कळलं नसेल.
रंगवताना तर कळलंच असणार.

आधी तो ढिगात हात घालायचा,
तोंडानं भलतंच काही बोलत,
आणि नेमका हवा तोच पाना बाहेर.
आता फळ्यासमोर उभा राहायचा,
मोठ्या दवाखान्यात पाट्या वाचत
उभा राहतो एखादा, तसा.

जूनमध्ये सीएनसी आलं.
ठेक्यावरच्या तिघांना पत्र.
मुदत तीस दिवस.
पत्रं मी टाइप केली,
कागद पांढरा होता.
परतूरला भावाच्या वेल्डिंगच्या दुकानात आहे म्हणे.
म्हणे एवढंच.

ऑडिटला आलेल्या बाईंचं हेल्मेट नवंकोरं.
मशीनखाली बोट फिरवलं, बोट स्वच्छ निघालं,
शेठ खूश.
फळ्यापाशी मात्र थांबल्या.
"हा फुगवटा कशाचा?"
"पेंटरची चूक," शेठ म्हणाले.
मी म्हणाले, "अंगठा आहे."
बाईंनी माझ्याकडं पाहिलं,
मग काहीतरी लिहिलं.
शंभरपैकी एक्क्याऐंशी.

सुधारणेच्या बाबी, क्रमांक सात:
फळ्यावरील आकृती दुरुस्त करणे.
जबाबदारी, स्टोअर.
तारीख मीच टाकलीय, दोनदा खोडून.
राखाडी रंगाचा डबा आणलाय,
ब्रश टर्पेंटाइनमध्ये,
डब्यावर नाव, नावाखाली जागा.

शिफ्ट सुटली की पाने मोजून लावते.
चोवीस-सत्तावीस दोन्ही हातांनी उचलावा लागतो,
खिळ्यावर बसवताना माझा अंगठा
बरोबर तिथं येतो.
लहान पडतो.
भोवती पिवळं उरतं.